गायनाचार्य विष्णु दिगंबर

आपल्या गावात किंवा शहरात संगीताचा वर्ग असणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलगे आणि मुली वह्या घेऊन गाणे शिकावयास जातात, ठरलेल्या दिवशी परीक्षेस बसतात, प्रमाणपत्र मिळाले की घरोघरी पेढे वाटतात. मुलगी गाणे शिकते याचा आईवडिलांना अभिमान वाटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे चित्र कोणाच्या स्वप्नातही आले नसते. गाणे शिकेन असे एखाद्या मुलाने घरी सांगितले, तर वडिलांच्या कपाळाला आठी पडे. आणि मुलीने तसे म्हटले, तर घरावर जणू संकट कोसळल्यासारखे वाटे. हा एवढा पालट आपोआप झालेला नाही. त्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्या माणसाचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्या काळी थोर गवयांना तोटा नव्हता. ग्वाल्हेर, बडोदा, जयपूर, इंदूर अशा संस्थानांच्या दरबारी नामांकित गायक-वादक होते. राजेलोक त्यांचे गाणे ऐकत, त्यांना शालजोडी आणि मोहरा देत. परंतु हा मान गाण्याला होता, गाणाऱ्याला नव्हता. गवई हा दरबारातील अनेक आश्रितांपैकी एक. धन्याची मर्जी असेल तोवर त्याची भाकरी. मर्जी फिरली की तो उघड्यावर. विद्या शिकविण्याची रीतही मोठी कठीण होती. ती बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून मोजक्या शिष्यांकडे जाई. कित्येक उस्ताद आपल्या ठेवणीतील चिजा जिवापाड जपत आणि कोणी चोरून ऐकील या भीतीने गाताना सावध असत. पुस्तके नव्हती, शाळा नव्हत्या. कित्येक सुंदर चिजा त्या जाणणाऱ्या गवयाबरोबरच चितेवर किंवा कबरीत जात. ज्या स्त्रिया गाण्यावर उपजीविका करीत त्यांची स्थिती तर याहून अवघड होती. त्यांचे गाणे लोक रात्रभर ऐकत, पण सकाळी रस्त्यात त्यांना ओळख देत नसत.

अशा काळात, १८ ऑगस्ट १८७२ रोजी, कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कुरुंदवाड या लहानशा संस्थानी गावात विष्णूचा जन्म झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पण पलूस गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. घरात अभंग, पदे, टाळ-मृदंग यांचा नाद नित्याचा असे. कीर्तनकार आख्यान रंगवितो, गातो, हसवितो आणि हसविता हसविता श्रोत्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. कलेने लोकांना जागे करावे हा धडा विष्णूला असा पाळण्यातच मिळाला.

विष्णू शाळेत जाऊ लागला. तो हुशार होता. इंग्रजी शिकून चांगली नोकरी मिळवावी, असा त्या काळच्या मुलांचा सरळ मार्ग त्याच्यापुढेही होता. परंतु एका उत्सवात दारूकाम चालले असता फटाक्याचा भडका त्याच्या तोंडावर उडाला आणि डोळ्यांना मोठी इजा झाली. मिरजेस उपचार झाले. प्राण वाचले, पण दृष्टी कायमची अधू झाली. बारीक अक्षर वाचणे अशक्य झाले आणि शाळेचे दार मिटले. आता या मुलाने करावे काय? त्याचा आवाज गोड आहे, तेव्हा त्याने गाणे शिकावे, असा विचार पुढे आला. डोळ्यांनी जे हिरावून घेतले ते कानांनी परत मिळवावयाचे होते.

मिरज हे त्या काळी संगीताचे माहेरघर होते. आजही मिरजेचे कारागीर भोपळ्यापासून उत्तम तंबोरे व सतारी घडवितात आणि ती वाद्ये देशभर जातात. या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गायक राहत होते. तरुणपणी अनंत हालअपेष्टा सोसून त्यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्यापासून ग्वाल्हेरची गायकी मिळविली होती. वासुदेवबुवा हे ग्वाल्हेरच्या हस्सूखाँ यांच्या परंपरेतले. म्हणजे मुसलमान उस्तादांनी घडविलेली ही विद्या वासुदेवबुवांच्या कंठातून बाळकृष्णबुवांकडे आली आणि त्यांनी ती महाराष्ट्रात आणून रुजविली. विष्णू त्यांचा शिष्य झाला. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या राहण्याजेवण्याची सोय केली.

गुरुगृही शिकणे म्हणजे तप होते. शिष्याने पहाटे उठावे, पडेल ते काम करावे, गुरूंची मर्जी सांभाळावी आणि ते शिकवितील तेव्हा एकचित्त होऊन ऐकावे. लिहून घेण्याची सोय नव्हती. एकच तान शेकडो वेळा घोटावी, तेव्हा ती गळ्यावर चढे. विष्णूने तासन् तास रियाज केला. अधू दृष्टीमुळे त्याचे चित्त इकडेतिकडे भटकत नसे. त्याचा आवाज भारदस्त, निकोप आणि तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा झाला. १८९६ पर्यंत तो मुलगा तयारीचा गवई बनला. आता चारचौघांसारखे दरबारी गवई व्हावे आणि सुखाने राहावे, एवढेच उरले होते.

पण त्यांच्या मनाला एक काटा बोचत होता. असे सांगतात की, मिरजेत एकदा एका समारंभाची निमंत्रणे गावातील मान्यवर मंडळींना गेली. अधिपतींची कृपा असल्यामुळे तरुण विष्णुपंतांनाही निमंत्रण आले. बाळकृष्णबुवांना मात्र ते आले नव्हते. ज्यांच्या गायनाची कीर्ती दूरवर पसरलेली, त्या आपल्या गुरूंना वगळण्याचे कारण काय, म्हणून विष्णुपंतांनी चौकशी केली. तेव्हा त्यांना कळले की, बुवा हे केवळ गवई आहेत आणि गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसविण्याची रीत नाही. हे ऐकून विष्णुपंत सुन्न झाले. वकिलाला मान, डॉक्टरला मान, सावकारालाही मान. आणि ज्याने जन्मभर विद्येची उपासना केली त्याला दाराबाहेर उभे करावयाचे! हा अपमान एका माणसाचा नव्हता, एका विद्येचा होता. तो पुसून टाकावयाचा, तर दरबारात बसून ते होणार नव्हते. राजाश्रय सोडून विष्णुपंत मिरजेबाहेर पडले. तेव्हा त्यांच्याजवळ द्रव्य नव्हते, ओळखी नव्हत्या, दृष्टीही धड नव्हती. होता तो आवाज आणि निर्धार.

औंध, सातारा, बडोदे असे फिरत ते सौराष्ट्रात पोहोचले. तेथे त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. तोपर्यंत अभिजात गाणे ऐकावयाचे म्हणजे राजवाड्यात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किंवा देवळात. सामान्य माणसाला त्या बैठकीत जागा नसे. विष्णुपंतांनी माफक तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर जलसा केला. दुकानदार, कारकून, शिक्षक असे लोक आले आणि आपल्या पैशाने गाणे ऐकून गेले. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु तिच्यात मोठा अर्थ भरलेला होता. गवयाचा धनी आता एक राजा राहिला नव्हता. सारा समाज त्याचा धनी झाला होता. आणि जो समाजाच्या बळावर उभा राहतो त्याला समाजाचे ऋणही मानावे लागते.

पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी यात्रा करीत ते उत्तरेकडे गेले. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषा आणि हिंदी यांचा अभ्यास केला. ज्या चिजा आपण गातो त्यांचे शब्द आणि अर्थ नीट कळले पाहिजेत, ही त्यांची दृष्टी. जेथे जात तेथे ते लोकांच्या मनाचा ठाव घेत. गाणे लोकांना आवडते. पण गाणे शिकणे त्यांना कमीपणाचे वाटते, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा केवळ उत्तम गाऊन भागणार नव्हते. गाणे शिकण्याची अशी एक जागा हवी होती, जेथे बाप आपल्या मुलाला निःशंकपणे हाताला धरून घेऊन येईल.

ती जागा लाहोरात उभी राहिली. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. लाहोर आज पाकिस्तानात आहे. त्या वेळी ते अखंड पंजाबची राजधानी आणि विद्येचे मोठे केंद्र होते. पंडितजी तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. महाराष्ट्रातून आलेला, परक्या भाषेच्या मुलखातला हा तरुण कोणा राजाच्या तिजोरीवर विसंबला नाही. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि आपल्या जलशांचे उत्पन्न यांवर त्याने शाळा चालविण्याचे ठरविले. गाण्याची अशी शाळा त्या काळी अपूर्वच होती.

आरंभी काय घडले याची एक आठवण सांगतात. शाळा उघडली, पण विद्यार्थी येईनात. दिवसामागून दिवस गेले. पंडितजी ठरलेल्या वेळी शाळेत येत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत एकटेच रियाज करीत बसत. शाळेची वेळ संपली की दार लावून घरी जात. विद्यार्थी नसले तरी शाळा बंद ठेवावयाची नाही, हा त्यांचा बाणा. हळूहळू रस्त्याने जाणारे लोक थबकू लागले. एक आला, दुसरा आला, आणि पाहता पाहता वर्ग भरला.

या शाळेचे कामकाज घड्याळाच्या काट्यावर चाले. प्रार्थना, वर्ग, तासिका, हजेरी, अभ्यासक्रम, परीक्षा हे सारे इतर शाळांप्रमाणेच. पंडितजींचे जलसेही नेमक्या वेळी सुरू होत. उशिरा येणाऱ्या बड्या पाहुण्यासाठी ते खोळंबत नसत. विद्यार्थ्यांचा पोशाख स्वच्छ, वागणे विनयशील आणि शरीर सुदृढ असावे, असा त्यांचा आग्रह होता. गवई म्हटला की तो व्यसनी असावयाचाच, अशी लोकांची समजूत होती. ती समजूत व्याख्यानांनी दूर होणार नव्हती. निर्व्यसनी गवई लोकांसमोर उभे करूनच ती दूर होणार होती.

शिकविण्यासाठी पुस्तके हवीत, म्हणून पंडितजींनी ती स्वतः तयार केली. स्वर कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी चिन्हांची एक पद्धत बसविली. सा, रे, ग, म या अक्षरांना खुणा जोडून स्वर कोमल की तीव्र, खालच्या सप्तकातला की वरच्या, किती मात्रांचा, हे सारे त्यात दाखविता येई. ‘संगीत बालप्रकाश’ यांसारखी अनेक क्रमिक पुस्तके त्यांनी काढली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालविले. पुस्तके छापण्यासाठी संस्थेचा छापखाना उभा राहिला. जुन्या वळणाच्या कित्येकांना हे रुचले नाही. गाणे का कागदावर मावते, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गळ्यातली हरकत आणि भावाची छटा कागदावर पुरती उतरत नाही, ती गुरूच्या तोंडूनच घ्यावी लागते. हे पंडितजीही जाणून होते. परंतु ज्याला गुरू मिळणेच दुरापास्त, त्याच्या हाती निदान एक दिवा तरी द्यावा, असा त्यांचा विचार होता.

याहूनही दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे त्यांचा उपदेशक वर्ग. पंडितजींनी काही निवडक मुले आपल्याजवळ ठेवून घेतली. त्यांचे जेवण, कपडे, शिक्षण सारे विनामूल्य. त्यांनी नऊ वर्षे शिकावयाचे, आणि मग गावोगावी जाऊन शिकवावयाचे. आपल्यासारखा एखादा मोठा गायक निर्माण करण्यापेक्षा शेकडो शिक्षक आणि लाखो जाणते श्रोते निर्माण करणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. स्त्रियांसाठीही त्यांनी वर्ग उघडले. त्या काळी हे मोठ्या धैर्याचे काम होते.

घरंदाज मुलामुलींना निःसंकोचपणे गाता यावे म्हणून पंडितजींनी अनेक चिजांतील शृंगारिक शब्द वगळून त्यांच्या जागी तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई अशा संतांची पदे बसविली. त्यामुळे संगीताचा घराघरांत प्रवेश झाला. मात्र हा हिशेब मांडताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या उस्तादांनी आणि ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या उपेक्षा सोसून ही विद्या जिवंत ठेवली, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत लगेच वाटा मिळाला नाही. गोव्याच्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिकांना तो मान आपल्या तपश्चर्येच्या बळावर पुढे मिळवावा लागला. सुधारणेचे एक दार उघडताना दुसरे कोणी बाहेर तर राहत नाही ना, हे पाहणे पुढच्या पिढ्यांचे काम असते.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईस गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि पुढे तेच त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र झाले. मुंबईकरांनी संस्थेला उचलून धरले. विद्यार्थ्यांची गर्दी होऊ लागली. भाड्याच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या. संगीताला आपले स्वतःचे घर असावे, या ध्यासाने पंडितजींनी कर्ज काढले आणि १९१५ साली सँढर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्यांची दुरुस्ती असे अनेक उद्योग तेथे चालत. सकाळसंध्याकाळ ती वास्तू स्वरांनी भरून जाई. पण कर्जाचे व्याज थांबत नव्हते. ते फेडण्यासाठी पंडितजी देशभर दौरे काढीत, रात्री जलसे करीत आणि मिळालेली बिदागी संस्थेच्या खात्यात भरीत. ज्या गळ्यावर स्वतःचे वैभव उभारता आले असते, तो गळा त्यांनी संस्थेसाठी झिजविला.

हा काळ राष्ट्रीय चळवळीचा होता. गवयाने राजकारणात पडू नये, असे कित्येकांना वाटे. देशात एवढे मोठे वादळ उठले असता कलावंताने दिवाणखान्यात बसून राहावे, हे पंडितजींना पटणारे नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात आणि त्यांच्या पहाडी आवाजाने हजारोंचा समुदाय स्तब्ध होई. १९२३ साली काकिनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आपल्या धर्मश्रद्धेस अनुसरून सभेतील गायनास हरकत घेतली. तेव्हा हे व्यासपीठ साऱ्या राष्ट्राचे आहे, असे पंडितजींनी निर्भयपणे सांगितले आणि गीत पूर्ण केले. ज्यांच्या गुरूंना गावच्या समारंभात बोलावणे आले नव्हते, त्यांचा शिष्य आता राष्ट्राच्या सभेत मानाने उभा होता.

महात्मा गांधींना आपल्या साबरमती आश्रमासाठी संगीत जाणणारा सात्त्विक मनुष्य हवा होता. पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तेथे पाठविले. खरेशास्त्री आश्रमातच राहिले. प्रार्थनेसाठी त्यांनी नाना भाषांतील भजने गोळा केली; त्यांतूनच ‘आश्रम भजनावली’ हा संग्रह सिद्ध झाला. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीकडे पायी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या निवडक सत्याग्रहींत खरेशास्त्रीही होते. वाटेने रामधून गात ते चालत होते. या रामधुनीची सर्वांच्या ओठी बसलेली चाल विष्णु दिगंबरांची मानली जाते. ती म्हणावयास तयारीचा गळा लागत नाही. ताना-पलट्यांच्या या सम्राटाने अडाणी शेतकऱ्यालाही सहज म्हणता येईल अशी चाल लोकांना दिली, यातच त्याचे थोरपण दिसून येते.

इकडे कर्जाचा फास मात्र आवळत चालला होता. अखेर १९२४ साली सावकारांनी मुंबईची इमारत ताब्यात घेतली आणि तिचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी रात्रीचा दिवस केला ती डोळ्यांदेखत गेली. घरचे दुःखही थोडे नव्हते. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. दुसरा कोणी असता तर या आघातांनी खचून गेला असता. पंडितजींचे मन आता रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. नाशिक येथे त्यांनी १९२२ सालीच रामनाम आधार आश्रम स्थापन केला होता. तेथे राहून ते तुलसीदासांच्या रामायणावर संगीत प्रवचने करू लागले. अंगावर भगवी वस्त्रे, मुखी रामनाम आणि भोवती शिष्यांचा मेळा, असे त्यांचे अखेरचे दिवस गेले. नाशिकच्या आश्रमातही त्यांनी शिकविणे सोडले नव्हते. इमारत नाही म्हणून शाळा थांबत नाही, हे त्यांनी लाहोरच्या रिकाम्या खोलीतच स्वतःला शिकविले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे, जेथे त्यांच्या विद्येचा आरंभ झाला होता त्याच गावी, त्यांचे देहावसान झाले.

संस्थापक गेला, वास्तू गेली, तिजोरीत शिल्लक नव्हती. आता गांधर्व महाविद्यालय संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु पंडितजींची खरी ठेव विटाचुन्यात नव्हतीच. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे शिष्य अहमदाबाद येथे एकत्र जमले आणि गुरूंचे काम पुढे चालविण्यासाठी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धन हे रंगभूमीवरील गायकनट म्हणून प्रसिद्धी पावले होते. तो मार्ग सोडून त्यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडले. प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीताचे विद्यालय चालविले. कुमार गंधर्वांसारखा प्रतिभावान गायक तेथेच वाढला. कोल्हापूरचे नारायणराव व्यास यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा वाहिली. देश स्वतंत्र झाला त्या १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ‘वंदे मातरम्’चे सूर घुमले, ते त्यांच्याच कंठातून.

पंडितजी गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांची विद्या वडिलांकडून फारशी घेता आली नाही. ती त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी दिली. हाच मुलगा पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने भारतभर गाजला. १९५५ साली, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले. पण त्यांची गोड भजने आजही आवडीने ऐकली जातात. विष्णु दिगंबरांनी विद्या कुलुपात ठेवली असती, तर ती त्यांच्या स्वतःच्या मुलालाही मिळाली नसती. ती सर्वांना वाटली, म्हणून ती घरीही परत आली.

याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे हे दुसरे थोर पुरुष संगीताचे शास्त्र उभारण्यात गढलेले होते. त्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून हजारो चिजा गोळा करून ग्रंथबद्ध केल्या आणि रागांची व्यवस्था लावली. या दोन विष्णूंच्या वाटा वेगळ्या होत्या, मतेही पुष्कळदा वेगळी होती. पण संगीत राजवाड्यातून समाजात यावे ही तळमळ दोघांचीही सारखीच. एकाने शास्त्राची बाजू सांभाळली, दुसऱ्याने प्रसाराची.

भारत सरकारने १९७३ साली विष्णु दिगंबरांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक निराळेच आहे. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या शिष्यांच्या संस्थेचे कार्यालय नवी मुंबईतील वाशी येथे आहे. खाडीपलीकडचे हे शहर पंडितजींच्या मृत्यूनंतर चार दशकांनी आकाराला येऊ लागले. त्यांनी ते कधी पाहिले नाही. परंतु प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या परीक्षांचे काम तेथून चालते आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतील मुले त्या परीक्षांना बसतात. त्यांत शेतकऱ्यांची मुले असतात, कामगारांच्या मुली असतात. सर्व धर्मांची आणि सर्व जातींची मुले असतात. त्यांतील फारच थोडी पुढे मोठे गायक होतील. बाकीची डॉक्टर होतील, शिक्षक होतील, दुकान चालवितील. पण चांगले गाणे कशाला म्हणतात हे त्यांना कळेल आणि गाणाऱ्याला ते आदराने आपल्या शेजारी बसवितील. विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली तेव्हा त्यांना एवढेच तर हवे होते.

अभ्यास

१. राजदरबारी गवयांना पैसा मिळत असूनही त्यांची स्थिती पराधीन होती, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. मिरजेतील निमंत्रणाच्या प्रसंगाचा विष्णुपंतांच्या मनावर काय परिणाम झाला?

३. तिकीट लावून केलेल्या जाहीर जलशात कोणता मोठा अर्थ भरलेला होता?

४. स्वर कागदावर लिहिण्यास जुन्या गायकांचा विरोध का होता? पंडितजींचा विचार कोणता होता? तुम्हांस कोणाचे म्हणणे पटते ते कारणांसह लिहा.

५. इमारत गेली तरी संस्था टिकली. कशामुळे?

६. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या गायकाची, वादकाची, शाहिराची अथवा कीर्तनकाराची भेट घ्या. त्यांनी ही विद्या कोणापासून घेतली आणि ती ते कोणास देत आहेत, याविषयी दहा ओळी लिहा.